दोन आभाळांखालचा मुलूख

दिएन बिएन फू हे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात एका वाक्यापुरते येते. १९५४ साली व्हिएतनामी जनरल ज्याप यांच्या फौजेने तिथे फ्रेंचांना शरण आणले आणि आशियातल्या एका युरोपीय साम्राज्याचे दिवस भरले. वाक्य खरे आहे. पण ज्या दरीत हे घडले तिथे त्या दिवशी कोण राहत होते, ती माणसे कोणती भाषा बोलत होती, पायाखालची जमीन कोणाची समजत होती, यातले काहीच त्या वाक्यात नाही. मला तेवढाच प्रश्न विचारायचा आहे. ही दरी व्हिएतनामची झाली कशी?

व्हिएतनामची दरी व्हिएतनामची कशी झाली, हा काय प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. तर नावापासूनच बघू. हे नाव व्हिएतनामी दरबाराने १८४१ साली, सम्राट थिएउ त्री याच्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षी ठेवले. 'दिएन' म्हणजे घट्ट बसवणे, 'बिएन' म्हणजे सीमा आणि 'फू' हा कारभाराचा विभाग. म्हणजे पक्की केलेली सीमा. जी गोष्ट पक्की असते तिचे नाव कोणी 'पक्की' असे ठेवत नाही. दरबाराला जे हवे होते ते त्याने नावात लिहिले. दरीतले लोक मात्र तिला मुअंग थेंग म्हणत आले होते. व्हिएतनामी उच्चारात त्याचे मुओंग थान्ह झाले, आणि तेही नाव अजून जिवंत आहे.

मुअंग या ताई शब्दाला मराठीत जवळचा शब्द 'मुलूख'. तरी दोन्हींत एक फरक आहे आणि माझा सगळा मुद्दा त्या फरकावर उभा आहे. मुलूख म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हद्द येते. मुअंग म्हटले की ताई माणसासमोर मध्य येतो: डोंगरांच्या मधली सपाट दरी, नदीवरून काढलेले पाट, पाटांवर पोसलेली भातखाचरे, लाकडी खांबांवर उभी घरे आणि या सगळ्यावर सत्ता सांगणारे एक घराणे. वाड्यापासून जसजसे लांब जावे तसतसा त्या घराण्याचा अंमल पातळ होत जातो आणि कुठेतरी डोंगरात, नेमका कुठे ते कोणी विचारत नाही, संपून जातो. आसामचे आहोम याच भाषाकुळातले. १२२८ साली सुकाफा पाटकाईचे डोंगर उतरून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आला तेव्हा हाच शब्द त्याच्या लोकांच्या तोंडी होता. युन्नानपासून लाओसपर्यंत आणि आसामपासून व्हिएतनामच्या दा नदीपर्यंत, भातखाचरांच्या अशा दऱ्या मुअंग म्हणूनच ओळखल्या गेल्या.

मुअंग थेंगचा मान त्यात मोठा. लाओ लोकांची मूळकथा सांगते की खुन बोरोम हा आद्य राजा स्वर्गातून याच दरीत उतरला, तिथल्या भोपळ्यांतून माणसे बाहेर पडली आणि त्याने आपले मुलगे चहूकडे राज्ये वसवायला धाडले. थोरला लुआंग प्राबांगला गेला. म्हणजे लाओ राजवंशाच्या मते त्यांचे मूळ गाव हे. काळ्या ताईंचे बखरकार वेगळे सांगतात: त्यांचा वीर लान चुओंग मुअंग लो इथून दऱ्यामागून दऱ्या जिंकत इथे पोचला. काळे ताई, गोरे ताई ही नावे बायकांच्या पोशाखाच्या रंगावरून पडली असे सांगतात. दा नदीच्या खोऱ्यातल्या अशा सगळ्या मुअंगांना मिळून 'सिप सोंग चाऊ ताई', म्हणजे ताईंचे बारा परगणे, म्हणत. बारा हा आकडा मानाचा. प्रत्यक्षात परगणे कधी बारा असत, कधी कमी, कधी जास्त.

या परगण्यांचे वतनदार खंडणी कोणाला देत? तर चीनला देत, व्हिएतनामला देत आणि लुआंग प्राबांगलाही देत. ताई-लाओ भाषांत अशा मुलखासाठी शब्दच आहे: दोन आभाळांखालचा मुअंग. दोन दगडांवर पाय ठेवणे आपण वाईट मानतो. तिथे ती रीत होती, आणि ती सगळ्यांना ठाऊक होती. वरच्या राजाला नजराणा आणि मान हवा होता. खालच्या वतनदाराला गादीवर शिक्का हवा होता, शेजाऱ्याने चाल केली तर आडोसा हवा होता. थायलंडचे इतिहासकार थोंगचाई विनिचाकुन यांनी सयामच्या नकाशावरच्या आपल्या पुस्तकात ही रीत उलगडून दाखवली आहे. आजचा कुठलाही देश 'हा भाग पूर्वापार आमचाच' असे म्हणून जुन्या खंडणीची नोंद पुढे करतो तेव्हा तो अर्धीच वही उघडतो. त्याच वतनदाराचे नाव शेजारच्या वहीतही असते.

व्हिएतनामी बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा दगडावरचा आहे. लाय चाऊजवळ दा नदीच्या काठी एका कड्यावर सम्राट ले लोईची कविता कोरलेली होती. मिंग चिन्यांना हाकलून ज्याने १४२८ साली राज्य उभे केले तोच हा ले लोई. १४३१ च्या अखेरीस तो गोऱ्या ताईंचा सरदार देओ कात हान याच्या बंडावर स्वतः चालून आला आणि परत जाताना ही कविता कोरून गेला. हा शिलालेख मालकी सांगतो असे शिकवले जाते. मी तो उलटा वाचतो. देशाच्या राजाला स्वतः फौज घेऊन ज्या खोऱ्यात यावे लागते, जिंकून झाल्यावर लगेच परत फिरावे लागते आणि आपण आलो होतो याची खूण मागे ठेवावी लागते, ते खोरे त्याच्या हातात नसते. सरदार शरण आला आणि खोऱ्यात पुन्हा देओच राहिले, ते पुढे पाचशे वर्षे. अठराव्या शतकात होआंग काँग चाट नावाचा सखल प्रदेशातला बंडखोर आपल्याच दरबारापासून पळत मुअंग थान्हला आला. त्याने १७५४ साली ताई सरदारांच्या मदतीने बाहेरच्या लुटारूंना हुसकावले आणि पंधरा वर्षे दरी राखली. त्याचे देऊळ तिथे आहे आणि ताई लोकही त्याला मानतात. व्हिएतनामी माणसाला या दरीत पहिला खरा मान मिळाला तो व्हिएतनामी राजाशी भांडून आलेल्याला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

आता १८८७ कडे येतो, कारण या भूभागावर आजची सीमारेषा पडली ती तिथून.

त्या वेळी लाय चाऊला देओ व्हान त्री होता. चीनमधल्या ताइपिंग बंडातून निसटलेल्या टोळ्या, त्यांतले काळे झेंडेवाले मुख्य, दा नदीच्या खोऱ्यात आल्या होत्या. देओ घराण्याने त्यांच्याशी जमवून घेतले होते आणि त्यांच्या बाजूने फ्रेंचांशी दोन हातही केले होते. खाली दक्षिणेत सयामच्या राजाला उमगले होते की युरोपियनांशी बोलताना खंडणीची वही चालत नाही, नकाशा लागतो. त्याने जेम्स मॅकार्थी या सर्वेक्षकाला नोकरीत घेतले. हा मॅकार्थी भारताच्या सर्वेक्षण खात्यातून तिकडे गेलेला. त्याच्या मोजणीवरून सयामचा जो नकाशा निघाला त्यात हे ताई परगणे सयामच्या रंगात होते. मोजणीच्या आगेमागे फौज होतीच. त्या फौजेने जामीन म्हणून देओ व्हान त्रीचे भाऊ पकडले आणि बँकॉकला नेले.

भाऊ पकडले गेले हे कळताच देओ व्हान त्री माणसे घेऊन डोंगर उतरला. जून १८८७ मध्ये त्याने लुआंग प्राबांग लुटले, जाळले. म्हातारा राजा उन खाम होडीतून कसाबसा निसटला. त्याला होडीत घालून नेणारा होता ओग्युस्त पावी, पूर्वी कंबोडियात तारखात्यात नोकरी केलेला फ्रेंच अधिकारी, नुकताच तिथे उपवकील म्हणून आलेला. सयामला आपल्याला वाचवता आले नाही आणि या फ्रेंचाने वाचवले, हे राजा विसरला नाही. पावीने पुढचा डाव जास्त शांतपणे खेळला. त्याने बँकॉकशी बोलून देओचे भाऊ सोडवले आणि घरी पोचवले. १८८८ च्या अखेरीस मुअंग थेंगमध्ये तो सयामी सेनापतीसमोर बसला आणि ताई परगणे फ्रेंचांच्या ताब्यात राहतील असे ठरवून घेतले. १८९० साली देओ व्हान त्रीने फ्रेंचांशी जुळवून घेतले आणि फ्रेंचांनी त्याचे वतन कायम केले.

एका माणसाचे भाऊ पळवले गेले, त्याने सूड घेतला आणि दुसऱ्या एकाने ते भाऊ परत आणून दिले. आज व्हिएतनाम आणि लाओस यांच्यामधली सीमा मुअंग थेंगच्या पश्चिमेच्या डोंगरांवरून जाते याचे कारण शोधत गेलो की या घरगुती हिशेबापाशी येऊन थांबावे लागते. लाओ लोकांचे मूळ गाव लाओसमध्ये नाही. १८९३ साली फ्रेंचांनी मेकाँगपर्यंतचा लाओसही घेतला तेव्हा तोंकिन, म्हणजे उत्तर व्हिएतनाम, आणि लाओस यांच्यातली रेषा एकाच कचेरीतली दोन दालने वेगळी करणारी झाली. साम्राज्य गेले, मधली भिंत मात्र उरली आणि तीच राष्ट्रांची सरहद्द ठरली.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी ताई वतनदारांची कड घेतो आहे, त्यांचे सुखाचे स्वतंत्र राज्य मैदानातल्यांनी गिळले असे सांगतो आहे. डोंगरातल्या लोकांना राजसत्तेपासून लांब राहायची कला अवगत होती, असे जेम्स स्कॉट यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात मांडल्यापासून ही ओढ अभ्यासकांतही दिसते. मला ती पटत नाही, निदान या खोऱ्यापुरती तरी. मुअंग ही स्वतःच एक राजसत्ता होती, लहान आणि पुष्कळदा कठोर. भातखाचरे मुअंगची, जो ती कसेल त्याने 'मुअंगचे काम उचलायचे', म्हणजे वतनदाराची शेती करायची, ओझी वाहायची, वाडा शाकारायचा, लढाईला जायचे. ही सरळसरळ वेठ. ताई कुणब्यांच्या खाली वेठीचेच म्हणून ठरलेले वर्ग होते. त्यांच्याही खाली ख्मूसारखे डोंगरउतारावरचे लोक. त्यांना ताई भाषेत जे नाव होते त्याला गुलामीचा वास होता. डोंगरमाथ्यावर ह्मोंग, एकोणिसाव्या शतकात चीनमधून सरकत आलेले. ते मका आणि अफू पिकवत आणि कर मात्र दरीतल्या ताई अंमलदारामार्फत भरत. कुंपणच शेत खात होते. १९१८ ते १९२१ या काळात पा चाय या ह्मोंग माणसाच्या मागे जो मोठा उठाव झाला, ज्याला फ्रेंचांनी 'वेड्याची लढाई' म्हणून हिणवले, त्याचा राग फ्रेंचांइतकाच या ताई मध्यस्थांवर होता.

म्हणून 'हा मुलूख कोणाचा' असे विचारले की नेहमीच दोन प्रश्न एकत्र येतात. एक, कोणत्या राजाचा. दुसरा, मुलखातल्या कोणाचा. नकाशे पहिल्याचे उत्तर देतात. माणसांना दुसरा प्रश्न जाळत असतो. आणि या खोऱ्यात पहिल्याचा निकाल दुसऱ्याने लावला.

ते असे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या फ्रेंचांनी १९४८ साली 'ताई संघराज्य' काढले. राजधानी लाय चाऊ, अध्यक्ष देओ व्हान त्रीचा मुलगा देओ व्हान लाँग. झेंडा मिळाला, पलटणी मिळाल्या, स्वायत्ततेचे शब्द मिळाले. पण या स्वायत्ततेत 'स्व' कोण? एक गोरे ताई घराणे. दिएन बिएन फूच्या दरीत काळे ताई बहुसंख्य. त्यांचा अधिकारी लो व्हान हाक याला बाजूला सारून देओ व्हान लाँगने आपला मुलगा बसवला. ह्मोंगांची अफू हा देओ घराण्याचा मोठा धंदा. अफू पडत्या भावात ओढून घ्यायची आणि फ्रेंच लष्कराच्या छुप्या साखळीतून पुढे विकायची. ज्याला विकायची नाही त्याच्या दारात ताई शिपाई. लो व्हान हाक फ्रेंचांशी लढणाऱ्या साम्यवादी व्हिएत मिन्हला मिळाला. डोंगरातले पुष्कळ ह्मोंगही मिळाले. राष्ट्र, क्रांती, साम्यवाद हे शब्द तिथे पोचले ते नंतर. आधी पोचला होता तो राग.

१९५२ च्या अखेरीस व्हिएत मिन्हच्या फौजा सोन ला प्रांत घेत दिएन बिएन फूपर्यंत आल्या. त्यांच्यासमोर जो हिशेब होता तो मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा कागद वाटतो. सखल प्रदेशातून माणसांच्या खांद्यांवरून तांदूळ डोंगरात न्यायचा तर एक किलो आघाडीवर पोचेपर्यंत चोवीस किलो वाटेतच, वाहणाऱ्यांच्या पोटात जात. आपण सायकलींची चित्रे पाहिलेली असतात. वीस हजारांच्या वर सायकली, हँडलला बांबूची काठी बांधून लांब केलेली, सीटमागे दुसरी उभी काठी, मध्ये दोन-दोनशे किलो तांदूळ, आणि बाजूने चालत ढकलणारा माणूस. चित्र खरे आहे आणि थक्क करणारे आहे. तरी केवळ सायकलींनी ते गणित सुटत नव्हते. सुटायचे तर तांदूळ जवळचा हवा, म्हणजे मुअंगांच्या खाचरांतला.

तो तांदूळ होता, पण साळीच्या रूपात. ताई घरात भात एकदम कांडून ठेवत नाहीत. कणगीतून रोजच्यापुरती साळ काढायची, पहाटे उखळात घालायची, चिकट तांदूळ वाफवायचा, दिवस काढायचा. ओढ्याकाठी पाण्यावर चालणारी मुसळे असत: लांब लाकडी दांड्याच्या एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकाला खोलगट पात्र. पात्र पाण्याने भरले की दांडा त्या बाजूला झुकतो, पाणी सांडते, मुसळ धपकन उखळात पडते. घरच्या चुलीसाठी हे पुरते. पन्नास हजारांच्या फौजेसाठी कसे पुरणार? मग सखल भागातून कारागीर आणून भरडायची जाती घडवली गेली आणि गावोगावच्या बायका रात्र रात्र साळ भरडत बसल्या. दिवसा विमाने दिसत, म्हणून कामे रात्री. १९५३-५४ च्या त्या हिवाळ्यात या वायव्य डोंगरांनी सात हजार टनांच्या वर तांदूळ दिला आणि तीस हजारांच्या वर माणसे ओझ्याला दिली. संपूर्ण मोहिमेत दोन लाख साठ हजारांच्या आसपास मजूर राबले असे सांगतात. पण त्यांतल्या सखल भागातल्या माणसाला घरी परत जायचे होते. ताई बाईने जी कणगी रिती केली ती तिच्या पुढच्या पिकापर्यंतची होती.

या कामाला 'दान काँग' म्हणत, म्हणजे लोककाम. वेठ हा शब्द रद्द झाला होता. फरक फक्त शब्दाचा होता काय? नव्हता, आणि हे सांगायलाच हवे. वतनदाराची वेठ जन्माने लागायची आणि तिची नोंद नसायची. नव्या कामाची वही होती, पावती होती, पाळी होती. सैनिकांना घरात शिरायची, फळ तोडायची बंदी होती. आणि सगळ्यात मोठे म्हणजे त्या कामापाठीमागे एक वचन होते: वतनदार जातील, मुअंगची खाचरे कसणाऱ्याची होतील आणि तुमचा कारभार तुम्ही कराल. माझे म्हणणे इतकेच आहे की हा मुलूख व्हिएतनामचा झाला तो या व्यवहारात. ले लोईच्या कड्यावर तो झाला नाही, पावीच्या सहीनेही झाला नाही. एका बाजूने साळ आली, दुसऱ्या बाजूने वचन गेले, आणि त्या देवाणघेवाणीत डोंगरातला माणूस पहिल्यांदा त्या राष्ट्राचा भागीदार झाला. खंडणी वतनदार देत होता. हे त्याने स्वतः दिले.

सगळ्यांनी राजीखुशीने दिले असे मात्र नाही. लढाईत ताई माणूस दोन्हीकडे होता. दिएन बिएन फू पुन्हा फ्रेंचांच्या हाती गेले होते. डिसेंबर १९५३ मध्ये त्यांनी लाय चाऊ सोडले तेव्हा देओ व्हान लाँगला विमानाने हलवले गेले. त्याचे दोन हजारांवर ताई शिपाई मात्र पायी दिएन बिएन फूला निघाले आणि त्यांतले दोनशेही पोचले नाहीत. मार्चच्या मध्यावर उत्तरेची ठाणी पडली, तेव्हा बान केओच्या टेकडीवरची ताई पलटण रातोरात घरी निघून गेली. फ्रेंच लेखकांनी यावर पुष्कळ नाके मुरडली आहेत. मला त्या शिपायांचे वागणे समजते. आपली म्हणावी अशी कोणतीच बाजू त्या खंदकात उरली नव्हती. दरीतल्या गावांची घरे फ्रेंचांनी आधीच उतरवून त्यांचे वासे बंकरांना लावले होते आणि माणसे छावण्यांत गोळा केली होती. त्यांतल्या नोंग न्हाय इथल्या छावणीवर २५ एप्रिल १९५४ रोजी फ्रेंच विमानांनी बाँब टाकले. व्हिएतनामी नोंदींप्रमाणे ४४४ माणसे मेली, बहुतेक बायका, मुले, म्हातारी. आज तिथे मेलेले मूल हातांवर धरलेल्या आईचा पुतळा आहे. दोन सैन्यांची लढाई म्हणून जी शिकवली जाते तिच्यात तिसरे कोणी होते, याची मला ठाऊक असलेली ही सगळ्यात ठसठशीत खूण.

७ मे १९५४ रोजी फ्रेंच शरण आले. जिनिव्हाचा करार झाला. त्याच्या देखरेखीच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे आले आणि ऑक्टोबरात पंडित नेहरू हनोईला जाऊन आले. आपला संबंध एवढाच, आणि त्या भेटीगाठींत ताई परगण्यांचे नाव निघण्याचे काही कारण नव्हते. पण वचन आठवणीत होते. बरोबर एका वर्षाने, ७ मे १९५५ ला, थाय-मेओ स्वायत्त प्रदेश स्थापन झाला. राजधानी थुआन चाऊ. थाय म्हणजे ताईच, आणि मेओ हे ह्मोंगांचे तेव्हाचे नाव. प्रांत मोडले, जुने 'चाऊ' हे परगणे परत आणले. शाळांत ताई लिपीतली पुस्तके आली. वतनदारांचा मुलूख त्याच नावाने लोकांच्या हाती द्यायचा, ही कल्पना थोर होती असे मी मानतो. तिच्यावर शंका घेणाऱ्यांनी त्या काळी दुसऱ्या कोणत्या नव्या देशाने आपल्या सीमेवरच्या लोकांना एवढे दिले ते सांगावे.

मग ती टिकली का नाही? एक कारण तिच्या आतच होते. परगणे दरीतल्यांचे, म्हणून सत्ता पुन्हा दरीतल्या ताईंकडे झुकली. माथ्यावरच्या ह्मोंगांना आणि ख्मूंना कर आणि लोककाम तेवढे दिसत राहिले. पन्नासच्या दशकातच डोंगरात न्यायी राजा येणार, त्याच्या स्वागताला जमा, अशी हाक उठली आणि ती दाबली गेली. ही हाक शमली नाही. २०११ च्या मे महिन्यात त्याच दिएन बिएन प्रांतातल्या मुओंग न्हे इथे हजारो ह्मोंग असेच जमले होते आणि शिपायांनी त्यांना पांगवले. राजाची वाट पाहणारे लोक भोळे असतात असे म्हणून सोडून देणे सोपे आहे. ज्यांना दिलेला शब्द मध्येच कोणीतरी अडवून धरला, ते शब्द देणाऱ्याहून मोठा कोणीतरी शोधू लागतात.

दुसरे कारण हनोईत होते. १९६२ साली प्रदेशाचे नाव 'ताय बाक', म्हणजे वायव्य, झाले. लोकांचे नाव गेले, दिशेचे आले. आणि वायव्य कुठून? हनोईतून पाहिले तर वायव्य. मुअंग थेंगमध्ये उभे राहिले तर ती जागा कशाच्याच वायव्येला नाही. प्रांत परत आले. १९५८ पासून दरीत माजी सैनिकांची सरकारी शेते बसली, मैदानातली किन्ह, म्हणजे बहुसंख्य व्हिएतनामी, कुटुंबे येत राहिली. त्यांनी पाट काढले, धरणे बांधली, दरीत आज जे भरघोस पीक दिसते त्यात त्यांचा घाम आहे. ती माणसे परकी नव्हेत. १९७५ च्या एप्रिलमध्ये देश एक झाला आणि डिसेंबरात स्वायत्त प्रदेश रद्द झाले. एकसंध देशाला वेगळ्या कप्प्यांची गरज नाही, असा विचार. जिंकून झाले होते. ज्या तांदळाच्या बदल्यात शब्द दिला होता तो तांदूळ खाऊन एकवीस वर्षे झाली होती.

इथे कोणी म्हणेल की शेजारी चीन असा, १९७९ साली सीमेवर केवढे युद्ध झाले, सीमेवरच्या लोकांना सैल सोडून कसे चालेल? या भीतीला मी हलके लेखत नाही. व्हिएतनामने जे सोसले ते सोसलेल्याला ती वाटणारच. पण याच मुलखाचा इतिहास तिच्या उलट साक्ष देतो. १९४८ चे ताई संघराज्य कोसळले ते एका घराण्याने बाकीच्यांचा वाटा खाल्ला म्हणून. व्हिएत मिन्ह जिंकले ते वाटा देऊ केला म्हणून. ज्या लोकांच्या कणग्यांनी ती सीमा राखली त्यांच्यावर अविश्वास दाखवायला त्यांनी काय केले होते?

देओ व्हान लाँग १९७५ साली फ्रान्समध्ये वारला. लाओसमध्ये गेलेले काळे ताई त्याच वर्षी पुन्हा निर्वासित झाले आणि त्यांतले बरेच अमेरिकेत आयोवाला जाऊन स्थिरावले. लाय चाऊचे जुने गाव, देओंची राजधानी, आता नाही. दा नदीवर सोन ला इथे २,४०० मेगावॅटचे धरण बांधले गेले. २००५ साली काम सुरू झाले, २०१२ साली पुरे झाले, आणि सुमारे वीस हजार कुटुंबे उठली, बहुतेक ताई. ले लोईचा कोरलेला कडा पाण्याखाली जाणार होता. तो कापून काढला, वर उंचावर नेला आणि नीट बसवला. खालची भातखाचरे उचलून नेता येत नव्हती. उठलेल्या कुटुंबांतल्या कित्येकांना उतारावरची जमीन मिळाली, तिथे मका होतो.